मनगटावरील उष्मांक आणि वैद्याची परीक्षा

गेल्या काही वर्षांत नाडीपरीक्षणासाठी रुग्णाचा हात हाती घ्यावा, तर मनगटावर बहुधा एक काळा पट्टा आढळतो. तो सोडविल्यावाचून नाडीवर बोटे ठेवता येत नाहीत. पट्टा सोडता सोडता रुग्ण त्यातील आकडे सांगू लागतो : आज इतकी पावले झाली, रात्री इतके तास झोप लागली आणि दिवसभरात इतके उष्मांक ‘जळाले’. यांपैकी शेवटचा आकडा तो विशेष विश्वासाने सांगतो, कारण आज किती खावे हे त्याने त्या आकड्यावरून ठरविलेले असते.

या आकड्याच्या विश्वासार्हतेचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी आणि औषधी दुकानांच्या चालकांनी करणे आता आवश्यक झाले आहे. स्थौल्य आणि प्रमेह यांचे रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्या चिकित्सेत आहार व व्यायाम यांना औषधाइतकेच स्थान आहे. प्रस्तुत लेखाचे आणखी एक कारण असे की, या आकड्यावर विसंबून आम्ही स्वतः एकदा चूक केली. ती प्रथम निवेदन करतो.

एक अनुभव

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ स्थौल्य आणि नवोत्पन्न प्रमेह यांसाठी आमच्याकडे येत असत. वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, काम बैठे, रोज सायंकाळी पाऊण तास चालणे. त्यांच्या मुलाने त्यांना मनगटी पट्टा भेट दिला होता. आठवडाभराच्या नोंदी त्यांनी आम्हाला दाखविल्या. दिवसाची सरासरी २६०० उष्मांकांची होती. आम्हालाही हाती आयता आकडा मिळाल्याचे समाधान वाटले. त्यातून ५०० वजा करून आम्ही २१०० उष्मांकांचा आहार लिहून दिला. अग्निबलाचा, जरणशक्तीचा विचार त्या दिवशी आम्ही केला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

तीन महिन्यांनी वजन ८३.८ किलो भरले. औषधे चालू होती, चालणेही चालू होते. आम्ही त्यांना विचारले, ‘‘बाहेर काही खाणे होते का?’’ ते नाही म्हणाले. आम्ही तोच प्रश्न पुन्हा, जरा कठोर स्वरात विचारला. मग ते काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर दोन महिने आलेही नाहीत.

पुढे एके दिवशी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. पिशवीतून एक वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ‘‘डॉक्टर, हे चोरून खात नाहीत. पीठसुद्धा मी काट्यावर तोलून घेते. तुम्ही वही बघा.’’ वहीत रोजच्या पोळ्या, भाकरी, वरण, तेल, तूप यांच्या तारीखवार नोंदी होत्या. आम्ही पंधरा दिवसांची बेरीज केली. ती २१०० च्या आसपासच निघाली. रुग्ण खरे बोलत होता, चूक आमच्या हिशेबात होती.

तो हिशेब मग आम्ही कागदावर नव्याने मांडला. विश्रांत अवस्थेतील गरज काढण्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर समीकरण सर्वत्र वापरले जाते. पुरुषासाठी वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, अधिक ५ असे ते आहे. या गृहस्थांसाठी ते १६३५ येते. बैठे काम आणि रोजचे चालणे जमेस धरून त्यास १.३ ने गुणले, तर दिवसाची गरज सुमारे २१२५ होते. म्हणजे वजन घटविण्यासाठी म्हणून आम्ही जो आहार लिहून दिला, तो त्यांचे आहे ते वजन टिकविण्याइतकाच होता. हेही अनुमानच आहे, हे आम्ही जाणतो. परंतु वजनकाट्याची साक्ष या अनुमानाच्या बाजूची होती.

उष्मांक खरोखर कसे मोजतात?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक. देहातून निघणारी उष्णता प्रत्यक्ष मोजण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात केला. बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळले, हे त्यांनी पाहिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्य राहू शकेल अशी मापनकक्षिका उभारली.

आज प्रयोगशाळेत बहुधा श्वसनावरून मापन करतात. मुखवटा लावून किती प्राणवायू घेतला आणि किती कर्बवायू सोडला, हे पाहतात. एक लिटर प्राणवायूमागे साधारणतः पाच उष्मांक खर्च होतात. यासाठीचे वीअर यांचे सूत्र १९४९ सालचे आहे. मुक्तपणे वावरणाऱ्या मनुष्यासाठी ‘द्विचिन्हित जल’ ही पद्धती प्रमाण मानली जाते. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजून पुढील एकदोन आठवडे मूत्राची तपासणी करतात. हे दोन घटक शरीरातून ज्या भिन्न गतींनी बाहेर पडतात, त्यांवरून कर्बवायूचे आणि पर्यायाने उष्मांकांचे गणित केले जाते.

ही साधने खर्चिक असून नित्याच्या चिकित्सालयात ती नसतात. मनगटी पट्टा यांपैकी काहीही करीत नाही.

पट्टा काय करतो?

पट्ट्यात प्रामुख्याने दोन संवेदक असतात. पहिला हाताची हालचाल तीन दिशांनी टिपतो. दुसरा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक मोजून हृद्गती काढतो. यांत वापरणाऱ्याने भरलेले वय, लिंग, उंची आणि वजन मिळवून, निर्मात्याच्या गुप्त सूत्राने उष्मांकांचा आकडा तयार होतो. सारांश, हालचाल आणि हृद्गती या मोजलेल्या गोष्टी आहेत. उष्मांक हे त्यांवरून बांधलेले अनुमान आहे. पडद्यावर मात्र तिन्ही आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात, त्यामुळे हा भेद रुग्णाच्या लक्षात येत नाही.

हे अनुमान कोठे चुकते, हे व्यवहारातील उदाहरणांवरून समजेल. डोक्यावर गवताचा भारा घेऊन, एका हाताने तो धरून चालणाऱ्या शेतकरी स्त्रीचा हात स्थिर असतो आणि भाऱ्याचे वजन पट्ट्याला ठाऊक नसते. उलट खुर्चीत बसून हातवारे करणाऱ्याची हालचाल पट्टा टिपत राहतो. भय, क्रोध, ज्वर, कडक चहा, उन्हाळा यांनी हृद्गती वाढते, पण त्या प्रमाणात स्नायूंचे कार्य वाढत नाही. रक्तदाबासाठी हृद्गती मंदावणारे औषध चालू असेल, तर खरोखर श्रम होऊनही आकडा कमी दिसू शकतो. पट्टा सैल असणे, मनगटावर गोंदण असणे, यांनी प्रकाशाच्या मापनातच व्यत्यय येतो.

आणखी एक घोटाळा स्थूल आणि निव्वळ खर्चाचा आहे. वरील गृहस्थांच्या पाऊण तासाच्या चालण्यासाठी पट्टा ३४० उष्मांक दाखवीत असे. व्यायामांच्या प्रमाणित कोष्टकात मध्यम गतीचे चालणे विश्रांतीच्या साडेतीनपट धरतात. ८४ किलो वजनास पाऊण तासाचे २२० उष्मांक होतात. तोच वेळ ते स्वस्थ बसले असते, तरी ६३ उष्मांक लागलेच असते. म्हणजे चालण्यामुळे जादा खर्च झाले ते सुमारे १५७. ‘३४० जळाले’ असे समजून तितके अन्न अधिक घेणारा मनुष्य चालूनही तोट्यात राहतो.

संशोधनाचा निष्कर्ष

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली साठ स्वयंसेवकांवर सात प्रकारच्या मनगटी साधनांची परीक्षा केली. बसणे, चालणे, धावणे, सायकल चालविणे या अवस्थांत साधनांच्या आकड्यांची तुलना श्वसनमापनाशी आणि हृदयालेखाशी केली. हृद्गतीच्या बाबतीत सातपैकी सहा साधनांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या साधनाची सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईट साधनाची ९३ टक्के निघाली.

त्याआधी २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी १९ निरोगी व्यक्तींवर बारा साधने तपासली होती. नित्याच्या जीवनक्रमात, द्विचिन्हित जलाशी तुलना करता, ही साधने दिवसाला ६९ ते ५९० उष्मांक कमी दाखवीत होती. आमच्या रुग्णाचा पट्टा बहुधा अधिक दाखवीत होता. म्हणजे चूक ठरावीक दिशेचीही नाही. ती तशी असती, तर दुरुस्तीचा एखादा ठोकळ आकडा वापरता आला असता.

त्या वेळची बरीच साधने आज बाजारात नाहीत, नवी साधने सुधारली असतील, असा आक्षेप येथे योग्यच आहे. २०२० साली १५८ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पावले आणि हृद्गती यांबाबत काही साधने समाधानकारक असली, तरी उष्मांकांबाबत एकाही कंपनीचे साधन अचूक नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. अडचण केवळ संवेदकाच्या दर्जाची नाही. हालचाल आणि हृद्गती यांवरून चयापचयाचे अनुमान करण्याला मुळातच मर्यादा आहे.

चिकित्सेच्या फलाविषयीही एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात १८ ते ३५ वर्षे वयाच्या सुमारे ४७० स्थूल व अतिवजनी व्यक्तींना दोन वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन केले. त्यांतील एका गटास दंडावर बांधावयाचे यंत्र दिले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार यंत्राविना असलेल्या गटाचे वजन सरासरी ५.९ किलो घटले, यंत्र असलेल्या गटाचे ३.५ किलो. यंत्राने अपाय होतो, असे यावरून म्हणता येणार नाही. यंत्र बांधल्याने वजन अधिक उतरते, या समजुतीला मात्र यात आधार मिळत नाही.

आपल्याकडील देहाचा प्रश्न

निर्मात्यांची सूत्रे ज्या लोकांवर बेतलेली असतात, त्यांची देहरचना आपल्या रुग्णांसारखीच असेल असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले होते. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के होता. मेदापेक्षा मांसधातूचा विश्रांतीतील खर्च अधिक असतो. मग उंची आणि वजन एवढेच जाणणारा पट्टा या दोघांतील भेद कसा ओळखणार? भारतीयांची मूळ चयापचयगती आंतरराष्ट्रीय समीकरणांहून सुमारे ५ टक्के कमी धरावी, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञगटानेही पूर्वी मानले होते.

मेद आणि मांस यांचा हा भेद आपल्या शास्त्राला नवा नाही. सार आणि संहनन यांची परीक्षा त्यासाठीच आहे. तरीही एक सावधानता हवी. उष्मांक म्हणजेच अग्नी, किंवा हृद्गती म्हणजेच व्यायामशक्ती, असे सोपे समीकरण आपण मांडू नये. त्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

पंचकर्म आणि पट्टा

आमच्या मते सर्वाधिक दक्षता येथे हवी. स्वेदनपेटीत बसलेल्या रुग्णाची हृद्गती उष्णतेने वाढते आणि पट्टा तीस व्यायाम समजून उष्मांक मोजू शकतो. पेटीबाहेर आल्यावर वजनही किंचित कमी भरते. ती घट स्वेदाची, म्हणजे जलाची असते आणि पाणी प्याल्यावर भरून येते. हे दोन आकडे एकत्र करून ‘एका बैठकीत इतका मेद जळाला’ असे सांगण्याचा मोह काही ठिकाणी होतो. स्वेदनाचे जे खरे गुण आहेत, त्यांना या खोट्या आधाराची गरज नाही.

दुसरा प्रश्न संसर्जनक्रमातील रुग्णाचा. दहा हजार पावलांचे उद्दिष्ट अनेक पट्ट्यांत आधीपासून भरलेले असते. या संख्येचा उगम जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ नावाच्या पाऊलमापकात आहे. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. विरेचनानंतर पेया-विलेपीवर असलेला आमचा एक रुग्ण पट्टा मनगटावर थरथरतो म्हणून रात्री अंगणात फेऱ्या मारून ही संख्या पुरी करीत होता. तिसऱ्या दिवशी भोवळ येऊन तो पायरीवर बसला, तेव्हा ही गोष्ट कळली. शोधनोत्तर वर्ज्य अशा आठ महादोषकर भावांत चरकाचार्यांनी अतिचंक्रमण गणले आहे, ते पथ्यपत्रकात आम्ही छापलेही होते. पट्टा काढून ठेवा, असे मात्र सांगितले नव्हते.

स्वांगुलीप्रमाण

मग पट्टा टाकून द्यावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. विमानस्थानात देहाची मापे सांगताना ती ज्याच्या त्याच्या अंगुलीने घ्यावीत, असे सांगितले आहे. दुसऱ्याच्या अंगुलीने घेतलेले माप त्या देहाला लागू पडत नाही. पट्ट्याचा उपयोगही याच दृष्टीने करावा. त्याच रुग्णाची, त्याच पट्ट्यावरील, गेल्या महिन्याची आणि या महिन्याची पावले व विश्रांत हृद्गती यांची तुलना उपयुक्त ठरते. बैठा मनुष्य तीन हजार पावलांवरून सहा हजारांवर आला, हे कळणे चिकित्सकाला मोलाचे आहे. उष्मांकांच्या आकड्याला मात्र ही सवलतही जपूनच द्यावी, कारण आज्ञावलीत सुधारणा झाली की तोच मनुष्य, तेच चालणे आणि आकडा वेगळा, असे होऊ शकते.

व्यायामाच्या मात्रेसाठी आपल्याकडे अर्धशक्तीचे लक्षण आहेच. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला, की थांबावे. कपाळी, काखेत, नाकावर घाम येतो, मुखशोष होतो. हे लक्षण त्या मनुष्याचे, त्या ऋतूतील आणि त्या दिवशीचे असते. व्यायामशक्ती कर्मशक्तीवरून आणि आहारमात्रा अग्निबलावरून ठरवावी, हा उपदेश आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. पट्ट्याचा आकडा समोर येताच तो विसरलो, ही आमची खरी चूक.

व्यवहारासाठी काही सूचना

१. पट्ट्यावरील उष्मांक पाहून आहार लिहून देऊ नये, अथवा ‘जळाले तितके खा’ असा सल्ला देऊ नये. आहार ठरवून दोन ते चार आठवड्यांनी वजन, कंबरेचा घेर, क्षुधा आणि बल पाहून त्यात बदल करावा.

२. रुग्णपत्रिकेत पावले आणि सकाळची विश्रांत हृद्गती एवढेच टिपावे. हृद्गती अनियमित किंवा एकाएकी बदललेली दिसल्यास स्वतः नाडी पाहावी आणि आवश्यक तर हृदयालेख काढावा.

३. हृद्गती मंदावणारी औषधे घेणारे, गर्भिणी, ज्वरित आणि शोधनोत्तर काळातील रुग्ण यांना पट्ट्याच्या उद्दिष्टांमागे लागू नये असे स्पष्ट सांगावे. रक्तशर्करा उतरविणारी औषधे चालू असलेल्यांनी पट्ट्यावरून उपवास किंवा व्यायाम वाढविणे धोक्याचे आहे.

४. फार्मसीचालकांनी मेदोहर औषधे आणि पट्टा यांची सांगड घालणाऱ्या जाहिराती टाळाव्यात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे, याचे स्मरण ठेवावे. ग्राहकाने विचारल्यास ‘पावलांसाठी ठीक, उष्मांकांसाठी नाही’ एवढे सांगितले तरी पुरे.

५. वजन हलत नसेल, तर रुग्णावर संशय घेण्यापूर्वी आपला हिशेब पुन्हा तपासावा.

ही पाचवी सूचना आम्ही त्या वहीपासून शिकलो. त्या गृहस्थांना आम्ही निरोप पाठवून बोलाविले आणि चूक आमची होती, असे त्यांच्या पत्नीसमक्ष सांगितले. त्यानंतर अग्निबल पाहून रात्रीचे भोजन हलके केले, जव व मुगाचे प्रमाण वाढविले, चालणे अर्धशक्तीच्या लक्षणापर्यंत नेले. पाच महिन्यांत वजन चार किलो उतरले. पट्टा ते अद्याप बांधतात. चिकित्सालयात आल्यावर तो स्वतःच सोडून खिशात ठेवतात आणि नाडीसाठी हात पुढे करतात. वही मात्र दर वेळी सोबत असते, आणि आम्ही ती आधी वाचतो.